ओरिजिनल फोटोला हात न लावता क्रॉप कसं करायचं

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे मामला असा आहे: नागपुरात धरमपेठेतल्या एका फोटोग्राफरसाठी तू लग्नाच्या अल्बमचं वेब अ‍ॅप बनवून राहिला, घरचे लोक लॉगिन करून फोटो निवडतात, पानाच्या मापात क्रॉप करतात, आणि सेव्ह दाबलं की तू ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या कोऱ्या जागेवर, तो तुकडा काढून टूब्लॉब करतो, म्हणजे त्याची फाईल बनवतो, आणि सर्व्हरवरची तीच फाईल ओव्हरराइट करतो. समोर रिअ‍ॅक्ट (ब्राउझरमधला कोड), मागे नोड (सर्व्हरवरचा). आता मुलीच्या मावशीने क्रॉप करताना मामांना उडवलं, मामा रुसले, फोटोग्राफर म्हणतो पहिला फोटो परत आण, आणि पहिला फोटो तुझ्याकडे उरलाच नाही. तुझे प्रश्न तीन: ओरिजिनल शाबूत ठेवून क्रॉप कसं करायचं, लायब्ररी (क्रॉपचा तयार कोड) कोणती घ्यायची, आणि जुन्या दोन लग्नांच्या फोटोंचं काय.

पहिलं म्हणजे आजच्या आज ती ओव्हरराइटवाली ओळ बंद कर, बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल. नवीन क्रॉप वेगळ्या नावाने सेव्ह होऊ दे, कचरा साचला तर साचू दे, डिस्क स्वस्त आहे, मामा नाही.

आता लायब्ररी. सगळे पोट्टे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच फसतात, म्हणून तिचं नंतर बोलू. आधी डोक्यात एक गोष्ट पक्की कर की क्रॉप ही तुझ्या डेटाबेसमधली एक ओळ आहे, त्यात चार आकडे आहेत, आणि क्रॉप केलेला फोटो ही त्या ओळीवरून कधीही पुन्हा बनवता येणारी वस्तू आहे, पुसली गेली तरी कोणाचं काही जाऊ नये. तुझ्या फोटोग्राफरलाच विचार, तो लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप करतो तेव्हा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या, फाईलला काही होतं का. काही होत नाही. लाइटरूम चार कडा आणि एक कोन लिहून ठेवतं, कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपी नावाच्या नोंदीच्या फाईलमध्ये, आणि त्या कडा ० ते १ मधल्या अपूर्णांकात असतात. डावी कड ०.२५ म्हणजे डावीकडून पाव रुंदी सोडली. म्हणजे तुझा क्लायंट रोज हेच वापरून राहिला आणि तू त्याला उलटं अ‍ॅप देऊन राहिला.

ओव्हरराइटमध्ये फक्त मामाच जात नाहीत, ते पण सांगून ठेवतो कारण क्लायंटला समजवायला कामात येईल. जेपेग फोटो ८ बाय ८ च्या चौकोनात दाबून ठेवतं, दर वेळी उघडून परत सेव्ह केला की थोडी माहिती कायमची जाते, आणि क्रॉपमुळे चौकोनाची जाळी सरकली की जुन्या दाबाच्या खुणांवर नव्या खुणा बसतात, तीन-चार वेळा झालं की शालूच्या जरीवर घाण दिसायला लागते. दुसरं, टूब्लॉबला फॉरमॅट सांगितला नाही तर तो पीएनजी देतो, म्हणून तुझी ५ एमबीची फाईल क्रॉप केल्यावर मोठी होत असेल तर आश्चर्य नको करू. तिसरं, कॅनव्हासमधून बाहेर पडलेल्या फाईलला एग्झिफ, म्हणजे कॅमेऱ्याने फाईलमध्ये लिहिलेली माहिती, नसतं, आणि फोटोग्राफरने अ‍ॅडोब आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्यात एक्सपोर्ट केलं असेल तर रंग एसआरजीबी या लहान पट्ट्यात येऊन पडतात, लॅबवाला मग बोंबलतो. आणि चौथं म्हणजे आयफोनच्या सफारीत एका कॅनव्हासची मर्यादा कितीतरी वर्षं १,६७,७७,२१६ पिक्सेल राहिली आहे, म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६. डीएसएलआरचा ६००० बाय ४००० चा फोटो २ कोटी ४० लाख पिक्सेलचा. तो अख्खा कॅनव्हासवर ओतला की एररसुद्धा येत नाही, नुसता कोरा कॅनव्हास येतो, आणि तू तो कोरा कॅनव्हास ओरिजिनलवर ओव्हरराइट करतो. तुझ्या प्रश्नात "कधी कधी पांढरा फोटो सेव्ह होतो" असं जे एक वाक्य आहे ना, मला वाटते ते हेच.

तर चार आकडे. एक्स, वाय, रुंदी, उंची. हे कशात मोजायचे यावर सगळा खेळ आहे. पिक्सेलमध्ये ठेवले तर लगेच प्रश्न येतो की कोणत्या फोटोचे पिक्सेल? तू ब्राउझरला ६००० चा फोटो पाठवणार नाही, पाठवू पण नको, उघडल्यावर तो मेमरीत ६००० गुणिले ४००० गुणिले ४ म्हणजे ९६ एमबी खातो आणि घरच्यांकडे दहा हजाराचा फोन असतो. तू १५०० बाय १००० चा प्रिव्ह्यू पाठवशील. आणि तो प्रिव्ह्यू स्क्रीनवर ३६० पिक्सेल रुंदीत दिसेल. म्हणजे एकाच फोटोच्या तीन मोजपट्ट्या झाल्या आणि उद्या चौथी येईल. म्हणून अपूर्णांकच ठेव. समज एक्स ०.२५, वाय ०.१, रुंदी ०.५, उंची ०.६. प्रिव्ह्यूवर हे होतात ३७५, १००, ७५०, ६००. ओरिजिनलवर होतात १५००, ४००, ३०००, २४००. दोन्हीकडे तोच तुकडा. दशांशानंतर सहा आकडे ठेव, चारवरच तोडले तर ६००० च्या फोटोत अर्ध्याहून जास्त पिक्सेलची चूक येऊ शकते, एरवी काही फरक पडत नाही पण अल्बमच्या पानाचं गुणोत्तर तपासताना उगाच कटकट होते.

आता एक गंमत पाहा, रुंदी ०.५ आणि उंची ०.६ पाहून वाटतं तुकडा उभा आहे, पण तो निघतो ३००० बाय २४००, म्हणजे ५:४, आडवा. कारण अपूर्णांक वेगवेगळ्या बाजूंचे आहेत. माझ्याकडे येणारा दर दुसरा पोट्टा रुंदी भागिले उंची करून गुणोत्तर काढतो आणि मग विचारतो की चेहरे काऊन ताणले गेले. गुणोत्तर काढताना ओरिजिनलच्या मापाने गुणून घ्यावं लागतं, आणि म्हणून क्रॉपच्या ओळीतच तो ज्या फोटोवर काढला त्याची रुंदी-उंची पण लिहून ठेव. याचा अजून एक फायदा आहे, फोटोग्राफर रंग सुधारून तोच फोटो परत अपलोड करतो, हे होतेच, दर लग्नात होते. माप किंवा निदान गुणोत्तर तेच असेल तर जुना क्रॉप नव्या फाईलवर चालवून दे. गुणोत्तर बदललं असेल तर त्याने लाइटरूममध्ये स्वतःच काही कापलं आहे, मग तुझे आकडे खोटे झाले, तिथे गुपचूप काही लावू नको, त्या फोटोवर "पुन्हा पाहा" असा शिक्का दाखव.

लायब्ररी घेताना एवढंच पाहायचं की ती आकडे कोणत्या मोजपट्टीत देते. रिअ‍ॅक्ट इमेज क्रॉप बदल झाला की दोन गोष्टी देतं, एक पिक्सेलमधला क्रॉप आणि एक टक्क्यातला, आणि तो पिक्सेलवाला स्क्रीनवर दिसणाऱ्या मापाचा असतो, तोच सर्व्हरला पाठवला की डेस्कटॉपवर वेगळा आणि मोबाइलवर वेगळा तुकडा कापला जातो. टक्केवाला घे, १०० ने भाग, संपलं. रिअ‍ॅक्ट इझी क्रॉप पण दोन्ही देतं, त्यात फोटो बोटाने सरकवायचा असतो आणि चौकट जागेवर राहते, काका-काकूंना मोबाइलवर हेच सोपं जातं असा माझा अनुभव. क्रॉपर जेएसचा पहिला व्हर्जन लोडलेल्या फोटोच्या खऱ्या पिक्सेलमध्ये आकडे देतो, सोबत फिरवण्याचा कोन पण देतो, पण तू त्याला प्रिव्ह्यू दिला असेल तर ते प्रिव्ह्यूचे पिक्सेल झाले हे विसरू नको. तुझ्यासाठी मी इझी क्रॉप घेतलं असतं. पण खरं सांगू का, कोणतीही घे, मध्ये एक छोटं फंक्शन ठेव जे लायब्ररीचे आकडे घेऊन तुझे चार अपूर्णांक देते आणि उलटं पण करते, बाकी कोडला लायब्ररीचं नावसुद्धा माहीत असू नये. आणि उघडताना जुना क्रॉप चौकटीत परत दिसला पाहिजे, हे विसरणारे खूप आहेत, मावशीने उघडलं आणि चौकट पुन्हा मधोमध आली तर तिच्यासाठी तो क्रॉप गेलाच.

आता सगळ्यात जास्त केस जिथे पांढरे होतात ते, एग्झिफ ओरिएंटेशन. फोन उभा धरून काढलेला फोटो बहुतेक वेळा फाईलमध्ये आडवाच साठवलेला असतो आणि सोबत एक टॅग असतो की दाखवताना फिरवा. टॅगच्या किमती १ ते ८. १ म्हणजे जसा आहे तसा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरव, ८ म्हणजे उलट्या दिशेने ९०, ३ म्हणजे १८०, आणि उरलेल्या चार आरशासारख्या उलटलेल्या, त्या क्वचित येतात पण सेल्फी अ‍ॅपमधून येतात. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे आम्ही सगळे घरी, बाहेर ऊन तापत होतं आणि कूलर सर्व्हिसिंगला माणूस मिळत नव्हता, तेव्हा एका वधूवर साइटच्या मालकाचा फोन आला, "भाऊ, अर्धे नवरदेव आडवे पडले ना!" झालं असं होतं की तोपर्यंत क्रोम इमेज टॅगमधला फोटो एग्झिफ पाहून फिरवत नव्हता म्हणून आम्ही स्वतः टॅग वाचून सीएसएसने, म्हणजे पानाच्या मांडणीच्या कोडने, फिरवायचो, आणि क्रोम ८१ पासून ब्राउझरच फिरवायला लागला. ब्राउझरने एकदा फिरवला, आम्ही एकदा. जे फोटो डोळ्याला दिसत होते ते तरी लगेच कळले, पण त्याच काळात काढलेले क्रॉप दुसऱ्याच दिशेच्या आकड्यांनी सेव्ह झाले होते, ते निस्तरायला पंधरा दिवस गेले.

म्हणून माझा नियम असा आहे आणि यात मी कोणाचं ऐकत नाही. अपलोड झालेली फाईल एकही बाइट न बदलता ठेवायची, तिच्या एसएचए-२५६ हॅशवरून, म्हणजे फाईलच्या बाइट्सवरून निघणाऱ्या बोटाच्या ठशासारख्या आकड्यावरून, नाव द्यायचं, म्हणजे तीच फाईल दोनदा आली तर जागा एकच लागते आणि चुकून ओव्हरराइट करणं जवळपास अशक्य होतं. मग लगेच एक सरळ केलेला प्रिव्ह्यू बनवायचा, पिक्सेल खरोखर फिरवलेले आणि ओरिएंटेशन टॅग काढून टाकलेला. ब्राउझरला फक्त हाच मिळेल. आणि क्रॉपचे अपूर्णांक नेहमी सरळ केलेल्या फोटोचे, हे टीममध्ये सगळ्यांनी पाठ करायचं. नोडमध्ये शार्प ही फोटोची लायब्ररी वापरशील तर ध्यानात ठेव की त्याच्या मेटाडेटामधली रुंदी-उंची फाईलमधली कच्ची असते, फिरवण्याआधीची. टॅग ५ ते ८ असेल तर अदलाबदल करून घे, नाही तर उभ्या फोटोला तू ६००० बाय ४००० समजशील आणि आकडे फोटोच्या बाहेर जातील. पायथनवाला कोणी वाचत असेल तर पिलोमध्ये एग्झिफ ट्रान्सपोज आहे, इमेजमॅजिकमध्ये ऑटो-ओरिएंट आहे, तत्त्व तेच.

क्रम पण एकदाच ठरव: एग्झिफप्रमाणे सरळ करणे, मग फिरवणे, मग कापणे, मग लहान करणे. वेगवेगळ्या सिस्टीमचे क्रम वेगळे असतात, म्युझियम आणि ग्रंथालयं जे ट्रिपल-आय-एफ नावाचं इमेज स्टँडर्ड वापरतात त्यात आधी तुकडा, मग माप, मग फिरवणं असा क्रम यूआरएलमध्येच ठरलेला आहे. कोणताही चालतो, पण तुझा ब्राउझर एक क्रम लावतो आणि सर्व्हर दुसरा, असं झालं की बग सापडत नाही कारण शून्य अंशाला सगळं बरोबरच येतं.

फोटो दोन-तीन अंश तिरपा करून सरळ करायची सोय द्यायची का? मी म्हणेन पहिल्या फेरीत नको. तुझा फोटोग्राफर ते लाइटरूममध्ये करूनच फोटो देतो, घरच्यांना फक्त कापायचं असतं. ९० अंशाचं बटण दे, पुरे. दिलंच तर एवढं समजून घे: ६००० बाय ४००० चा फोटो ३ अंश फिरवला की त्याला मावणारी चौकट होते साधारण ६२०१ बाय ४३०९. तू अपूर्णांक या मोठ्या चौकटीचे ठेवले, क्रॉपर जेएस याच चौकटीत मोजतो, आणि नंतर कोणी कोन ३ चा ५ केला की चौकट अजून वाढते आणि तेच अपूर्णांक आता भलत्याच जागेवर पडतात. त्यापेक्षा क्रॉपचा मध्यबिंदू न फिरवलेल्या फोटोत ठेवायचा, सोबत रुंदी, उंची, कोन. मग कोन बदलला तरी तुकडा जागेवरच गरागरा फिरतो. फक्त चारही कोपरे फोटोच्या आत आहेत का ते उलटं फिरवून तपासायचं, नाही तर अल्बमच्या पानावर काळी तिकोनी पाचर येते. आणि शार्पमध्ये एकाच पाइपलाइनमध्ये रोटेट दोनदा लावलं तर आधीचं चुपचाप गळून जातं, म्हणून एग्झिफसाठी त्याचं वेगळं ऑटो-ओरिएंट वापर किंवा सरळ दोन टप्प्यात काम कर.

टेबलचं बोलू. फोटोच्या टेबलमध्ये चार कॉलम वाढवशील तर महिनाभरात रडशील. एकच फोटो कव्हरवर आडवा, आतल्या पानावर चौकोनी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या कार्डात उभा असा तीन ठिकाणी लागतो. म्हणून क्रॉपचं वेगळं टेबल, त्यात फोटोचा आयडी, जागेचं नाव, चार आकडे, पाव-फेऱ्या (९० अंशाच्या) किती, आरसा आहे का, ओरिजिनलचं माप, कोणी केला, कधी केला. आणि अपडेट करू नको, नवीन ओळ टाक. शेवटची ओळ चालू, आधीच्या इतिहास. लग्नात दोन घरं असतात भाऊ, मुलीकडचे रात्री मुलाच्या आत्याला कापतात, मुलाकडचे सकाळी उठून मुलीच्या मावशीला कापतात, आणि तुला फोन येतो. तेव्हा कोणी, कधी, काय कापलं हे तुझ्याकडे असलं की तू भांडणात पडत नाही, फोटोग्राफरला इतिहास दाखवतो आणि तर्री पोहे खायला निघून जातो. "मूळ फोटो" बटण म्हणजे ०, ०, १, १ ची अजून एक ओळ, त्याला वेगळं कोड लागत नाही.

स्क्रीनवर दाखवायला दर वेळी सर्व्हरकडून नवीन फाईल बनवायची गरज नाही. सीएसएसमध्ये एक डबा घे, ओव्हरफ्लो हिडन, पोझिशन रिलेटिव्ह, गुणोत्तर क्रॉपचं. आत प्रिव्ह्यू, पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट, रुंदी १०० भागिले क्रॉपची रुंदी एवढे टक्के, उंची तशीच, आणि डावीकडून उणे एक्स भागिले रुंदी, वरून उणे वाय भागिले उंची. वरच्या उदाहरणात रुंदी २०० टक्के, उंची १६६.६७, डावीकडून उणे ५०, वरून उणे १६.६७. क्रॉप बदलला की चार आकडे बदलतात, लोडिंग नाही, काही नाही. दोन खड्डे आहेत. वर सरकवायला मार्जिन-टॉप वापरलं तर त्याचे टक्के डब्याच्या रुंदीवरून मोजले जातात, उंचीवरून नाही, म्हणून टॉपच वापर. आणि टेलविंड ही सीएसएसची लायब्ररी वापरत असशील तर त्याच्या मूळ स्टाइलमध्ये इमेजला मॅक्स-विड्थ १०० टक्के लावलेलं असतं, तुझी २०० टक्के रुंदी तिथेच मरते आणि तू संध्याकाळपर्यंत गणित तपासत बसतो. मी बसलो आहे. ऑब्जेक्ट-व्ह्यू-बॉक्स नावाची नवी प्रॉपर्टी हे एका ओळीत करते, क्रोममध्ये १०४ पासून आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर क्लायंटचं काम देऊ नको.

लहान थंबनेल, शेअरच्या लिंका आणि प्रिंट यांना मात्र खरी कापलेली फाईल लागते, ती सर्व्हरवर बनव. अपूर्णांकाला ओरिजिनलच्या मापाने गुण, डावी आणि वरची कड खाली पूर्णांकात आण, मग रुंदी-उंची अशी कापून घे की बेरीज मापाच्या बाहेर जाणार नाही. हे नाही केलं तर कधीतरी ०.७५ अधिक ०.२५००००१ येतं आणि शार्प "बॅड एक्स्ट्रॅक्ट एरिया" म्हणून झोपतं, तेही नेमकं मे महिन्यात सीझन भरात असताना. ब्राउझरवरून आलेले आकडे सर्व्हरवर तपासायचेच, शून्यापेक्षा कमी, एकपेक्षा जास्त, रुंदी शून्य, सगळं कोणी ना कोणी पाठवतं.

बनलेल्या फाईलच्या नावात ओरिजिनलचा हॅश, क्रॉपचे आकडे आणि माप यांचा मिळून एक हॅश टाक. क्रॉप बदलला की नाव बदलतं, म्हणून कॅश साफ करायचा प्रश्नच येत नाही, बिनधास्त एक वर्षाचा मॅक्स-एज (ब्राउझरने फाईल किती वेळ जपायची) लाव, ३१५३६००० सेकंद, आणि इम्यूटेबल (फाईल बदलणार नाही). पण मापं ठरावीक ठेव, चार-पाच. यूआरएलमध्ये कोणीही काहीही रुंदी टाकू शकत असेल तर एखादा टवाळ पोट्टा लूप लावून तुझा सर्व्हर फोटो कापण्यातच गुंतवून ठेवेल. इमेजप्रॉक्सी आणि थंबर हे तयार सर्व्हर यूआरएलवर सही घेतात ती याचसाठी. ते वापरले तरी चालेल, तुझ्या एका फोटोग्राफरसाठी मला ते जड वाटतात, शार्प आणि एक फोल्डर पुरे.

प्रिंटचं थोडं जास्त सांगतो कारण तुझा पैसा तिथे आहे. आपल्याकडे १२ बाय ३६ चा अल्बम चालतो, म्हणजे उघडलेलं पान ३६ इंच रुंद. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, तिथे १०,८०० पिक्सेल लागतात आणि ओरिजिनल आहे ६०००. म्हणजे रुंदी न कापता पसरवला तरी १६७ डीपीआयच मिळतो, दुरून पाहायच्या पानाला बहुतेक लॅबवाले तो चालवून घेतात. पण घरच्यांनी त्यातली अर्धी रुंदी कापली की तो ८३ वर येतो आणि नवरीचा चेहरा फुटतो. क्रॉपची चौकट हलत असतानाच हा हिशेब करून दाखव, रुंदीचा अपूर्णांक गुणिले ओरिजिनल रुंदी भागिले इंच, आणि १५० च्या खाली गेला की चौकट लाल कर. डीपीआय हा शब्द लिहू नको, "एवढा मोठा छापला तर फोटो फाटेल" लिही, कळते. वरचा ३००० बाय २४०० चा तुकडा १० बाय ८ इंचावर बरोबर ३०० ला बसतो, तिथे हिरवा.

आणि मंजुरी मिळाली की त्या क्षणीचे सगळे क्रॉप ऑर्डरमध्ये कॉपी करून ठेव. चालू क्रॉपकडे बोट दाखवून ठेवू नको, आकडे कॉपी कर. आमचा एक अल्बम असा छापून आला होता की मंजुरीनंतर आणि छपाईच्या आधी घरातल्या कोणीतरी "सहज" अ‍ॅप उघडून तीन फोटो बदलले होते. क्लायंट म्हणे आम्ही हे पास केलं नाही, आणि ते खरं होतं, अल्बमचा खर्च आम्ही भरला.

एक बाजू मात्र उलटी आहे आणि ती तुझ्या क्लायंटला आधीच सांग. ओरिजिनल शाबूत आहे म्हणजे कापलेलं सगळं शाबूत आहे. लोक नेहमी सुंदर दिसायला कापत नाहीत, कधी लपवायला कापतात, मागे दिसणारी घराची पाटी, कोणाचं आधार कार्ड, घटस्फोट झालेला काका. मार्च २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट एडिटरमध्ये हाच घोळ सापडला होता, कापलेली फाईल जुन्या फाईलवरच लिहिली जायची पण शेपटीकडचा जुना डेटा तसाच राहायचा, आणि त्यातून कापलेला भाग परत काढता यायचा, लोकांनी त्याला एक्रोपॅलिप्स नाव दिलं. तिथे चुकून झालं, तुझ्या अ‍ॅपमध्ये डिझाइननेच होणार. आणि ती सीएसएसवाली युक्ती तर अख्खा प्रिव्ह्यू पाठवते, राइट क्लिक केलं की मामा परत. म्हणून सीएसएसवाला प्रिव्ह्यू फक्त लॉगिन केलेल्या घरच्यांना, बाहेर शेअर होणाऱ्या लिंकवर नेहमी सर्व्हरने कापलेली फाईल, एग्झिफ काढून, कारण एग्झिफमध्ये जीपीएस तर असतंच, कधी कधी न कापलेलं छोटं थंबनेलही असतं. ओरिजिनलचं फोल्डर खासगी. आणि "कायमचं कापा" असं एक वेगळं बटण ठेव जे खरोखर ओरिजिनल पुसते, दोनदा विचारून. कोणी सगळंच काढायला सांगितलं तर ओरिजिनल, प्रिव्ह्यू, बनवलेल्या फाईली, बॅकअप सगळीकडून जायला पाहिजे, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तो हक्क लिहिलेला आहे.

टेस्टसाठी फोटो शोधत बसू नको. १० बाय १० ची जाळी काढ, प्रत्येक खण्यात ०० ते ९९ आकडे, एक आडवी एक उभी, आणि दोन्हीच्या आठ-आठ प्रती आठही ओरिएंटेशन टॅग लावून अशा बनव की दिसताना सगळ्या सारख्याच दिसतील. मग एकच क्रॉप सगळ्यांवर चालव, निघालेल्या तुकड्यात तेच खणे आले पाहिजेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि याने माझे जेवढे बग पकडले तेवढे कोणत्याच टेस्टरने पकडले नाहीत.

राहिली जुनी दोन लग्नं. तुझ्या सर्व्हरवर जे नाही ते नाही, ते परत येणार नाही. पण फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर एक्सपोर्ट असणार, नसले तर कार्डवर किंवा लाइटरूममध्ये रॉ असणार. ते घेऊन नव्या पद्धतीने ओरिजिनल म्हणून चढव. क्रॉप परत करायला घरच्यांना लावू नको, तुझ्याकडे कापलेला फोटो आहे आणि आता अख्खा पण आहे, दोन्ही एकाच प्रमाणात लहान करून ओपनसीव्ही या लायब्ररीच्या टेम्प्लेट मॅचिंगने तुकडा कुठे बसतो ते शोध, त्यावरून अपूर्णांक निघतात. तू कापताना माप बदललं असशील तर वेगवेगळ्या प्रमाणात लहान करून पाहावं लागेल, जिथे जुळणी सगळ्यात जास्त ते घे. जे जुळणार नाहीत ते हाताने, थोडेच निघतील. फक्त डिस्क मागायला उशीर करू नको. तुळशीचं लग्न लागलं की याचा सीझन सुरू, मग कार्डं फॉरमॅट होतात आणि डिस्कवर जागा करायला आधी मागच्या वर्षीचीच लग्नं उडतात.